महिनाभर न झाडलेलं घर

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र मोकळेपणानं लिहिते आहे. तू होतीस तेव्हा माझं प्रत्येक पत्र शेजारच्या मावशीची लेक ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि अर्धी वस्ती ऐकायला जमायची. मावशी मधेच म्हणायची, "ते बर्फाचं अजून एकदा वाच वं." अशा पत्रात माणूस काय खरं लिहिणार? मी लिहायचे, इकडे सगळं छान आहे, थंडी सोसते, जेवणाची आबाळ नाही. तूही त्याच पोरीकडून लिहून घ्यायचीस, इकडे सर्व खुशाल, काळजी करू नये. अशी दोघींनी वर्षानुवर्षं एकमेकींना खुशाली कळवली आणि जे विचारायचं ते राहूनच गेलं. मला एकच विचारायचं होतं. मी विलायतेला निघाले त्या दिवशी मलकापूरच्या फलाटावर तू माझ्याशी धड काहीच का बोलली नाहीस?

तू गेलीस तेव्हा तुझं जेवढं वय होतं, त्याच्या पुढे मी कधीच निघून आले. आता बुलढाण्याला राहते. इथली हवा तुला मानवली असती. गुडघे बोलतात, साखर वाढली आहे, बाकी ठीक. सकाळी उठले की अजून आधी झाडूच हातात घेते. कामाला येणारी बाई त्यावरून रोज कुरकुरते. "तुमीच झाडून घेता त मले काऊन लावलं?" मी म्हणते, भांडी आहेत की. तिला वाटतं माझा तिच्यावर विश्वास नाही. आता तिला कसं सांगू, की झाडून झाल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, आणि ही खोड तुझी आहे.

लोक विचारतात, इतके देश फिरल्या, काय काय पाहिलं? त्यांना राजवाडे आणि पूल ऐकायचे असतात. राजवाडा पाहिला मी, बाहेरून आणि पावसात, छत्री उलटी होत असताना. पण खरं सांगायचं तर मी जाईन तिथे आधी झाडू बघितला. विलायतेतला झाडू माझ्या खांद्याएवढ्या दांड्याचा. बायका ताठ उभ्या राहून झाडतात. पहिल्या दिवशी मला हसूच आलं, कंबर वाकवली नाही तर ते झाडणं कसलं? आठ दिवसांत पाठीला इतकं बरं वाटलं, की तुझ्यासाठी एक झाडू घेऊन यावा असं मनात आलं होतं. पुढे कुवेतला नोकरी केली, तिथे तर झाडून पुरे पडायचं नाही. दारं-खिडक्या गच्च लावून झोपलं तरी सकाळी उशीवर बारीक वाळू. तिथल्या मैत्रिणी वैतागायच्या. मी मात्र खुशीत असायचे. सकाळी झाडायचं, दुपारी पुन्हा झाडायचं, आणि कुणी वेडी म्हणायचं नाही.

झाडण्यावरून तुझा किती मार खाल्ला मी. तू जिनिंगमध्ये कामाला. दिवसभर मशीनला कापूस चारायचा आणि संध्याकाळी केसांत, भुवयांत, लुगड्याच्या निऱ्यांत रुईचे तंतू घेऊन यायचं. दारातच लुगडं झटकायचीस आणि मग घर बघायचीस. माझ्या हातचं झाडणं तुला कधी पसंत पडलं नाही. "कोपरे कोन झाडीन? तुहा बाप?" बाबा तर मी पाच-सहा वर्षांची असतानाच गेले होते. मी एकदा चिडून म्हणाले, आपल्याकडे येतं कोण एवढं? तू कणीक मळत होतीस. हात थांबवलास आणि म्हणालीस, "येतीन. जो येईन त्याले आपल्या घरचं पानी प्यावंसं वाटलं पाह्यजे." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. पुढे अकोल्याला नर्सिंग शिकताना एका मुलीनं माझ्या तांब्यातलं पाणी घ्यायला नकार दिला, तेव्हा एकदम कळलं, तू इतकी वर्षं कुणाशी लढत होतीस.

नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलीस, त्यानंतर तर तू अगदी करारी झालीस. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नळगंगेत सोडून आलीस. उपास बंद, अंगारे बंद, अमुक वारी केस धुवायचे नाहीत असलं सगळं बंद. मावशीनंही दीक्षा घेतली होती, पण तिचं एक मन मागेच रेंगाळायचं. तू तिला फैलावर घ्यायचीस. घरातलं माणूस परगावी निघालं की त्याच्या पाठीमागे केर काढायचा नाही, ते मुक्कामी पोचेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही, नाहीतर त्याच्या वाटेवर काही वाईट होतं, हे तर सगळीच पाळतात. तू मुद्दाम मोडायचीस. मी सुट्टी संपवून अकोल्याला निघाले, की गल्लीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत मागून तुझ्या झाडूचा आवाज यायचा. मावशी कानाला हात लावायची. तू म्हणायचीस, "गाडी इंजिनानं चालते, माह्या झाडूनं नाई."

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मला विलायतेच्या एका इस्पितळातून नोकरीचं पत्र आलं. आपल्या वस्तीतून कुणी मुंबईच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. नातेवाईक येऊन येऊन सांगून गेले, लग्नाची पोर, तू एकटी बाई, तुला म्हातारपणी कोण बघणार. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू एवढंच विचारलंस, "तिकडं नर्सचं काम इकडल्यासारखंच असते ना?" हो म्हटलं. "मंग जाय." झालं. त्यानंतर कागदपत्रं होईपर्यंतच्या सगळ्या महिन्यांत तू त्यावर बोलली नाहीस. येसर तेवढं केलंस. डाळी, गहू, धणे भाजून तो मसाला दळलास आणि झाकण कापडानं बांधून डबा माझ्या ट्रंकेत ठेवलास.

निघायच्या दिवशी मावशी माझ्या हातावर घालायला दही घेऊन आली. तू तिच्या हातातून वाटी काढून घेतलीस. "दही पोटात जाऊ दे. हातावर काऊन ठेवतं?" आणि मला समोर बसवून भाकरीबरोबर वाटीभर दही खायला लावलंस. मावशी पदराआड हसत होती. मला हसू येत नव्हतं. मला वाटत होतं, आज तरी ही जवळ घेईल. स्टेशनवर तू आणि मावशी दोघी होतात. गाडी उभी होती. मी दारातच थांबले होते, आत जागा असून. मावशी रडत होती, तू फलाटावरच्या कापसाच्या गठाणींकडे बघत होतीस, जणू त्या तुलाच उचलायच्या होत्या. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा म्हणालीस, "डोकं झाकत जाजो." आणि मान फिरवलीस. मुंबईपर्यंत मी रडले. दुःखानं कमी, रागानं जास्त. मला वाटलं, हिला ओझं उतरल्यासारखं झालं.

जहाजावर पहिले दिवस उलट्यांत गेले. विलायतेत उतरले तर भर दुपारी दिवे लावलेले. घरमालकीण चांगली होती, पण तिचं बोलणं महिनाभर कळलं नाही. मी सगळ्याला हो म्हणायचे, त्यामुळे नको असलेली बटाट्याची भाजी मला रोज मिळायची. एका रविवारी खोलीत येसराची आमटी केली. ती धावत वर आली, तिला वाटलं काही जळतंय. मी तिला वाटीभर दिली. प्यायली, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि अजून मागितली. पुढे सर्दी झाली की ती दार वाजवायची. तुझं हे कौतुक मी पत्रात लिहिलं होतं, आठवतं? तू कळवलंस, कमी तिखट घालत जा, परक्याचं लेकरू आहे. ते लेकरू साठीचं होतं.

तीन वर्षांनी रजेवर आले. घर लखलखीत. दुपारी तू पाणी भरायला गेलीस आणि मावशी माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "तुले एक गम्मत सांगू का? तू गेली ना, त तुह्या मायनं घर झाडलंच नाई."

"म्हणजे त्या दिवशी?"

"कायचं त्या दिवशी. तुहं पोचल्याचं पत्र येईपर्यंत. महिना झाला, वरतून अजून काही दिवस झाले. रुई उडून राह्यली घरभर, कोपऱ्यात ढीग. बाया पाहून जाये, हसे. म्या म्हटलं, म्या झाडून देतो, त अंगावर आली माह्या. पत्र वाचलं पोरीनं, पोचली म्हने, आन हे उठली, झाडू घेतला, भर दुपारी सारं घर झाडून काढलं, आन मंग पानी प्याली."

रीत तर एका दिवसाची. जवळच्या गावाला गेलेलं माणूस संध्याकाळी पोचतं, सकाळी झाडून मोकळं व्हायचं. समुद्रापार निघालेल्या माणसासाठी ती किती दिवस पाळायची, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. ते तू ठरवलंस. ज्या घरात येणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटावं म्हणून तू आयुष्य झिजवलंस, ते घर तू तसं पडू दिलंस, चार बायकांना हसू दिलंस. तेही मनातून न मानता.

तू घागर घेऊन आलीस तेव्हा मी विचारलं, खरं का गं हे? तू मावशीकडे असं बघितलंस, की ती उठून आपल्या घरी गेली. मग म्हणालीस, "झाडू मोडला होता."

"महिनाभर?"

"मलकापुरात झाडू काय झाडाले लागते का? वेळ नाई भेटला." आणि माझ्यासमोर ताट ठेवलंस.

रजा संपून पुन्हा निघाले तेव्हा गाडीच्या दारातून मी तुला चिडवलं, माय, झाडू नीट आहे ना घरातला? तू दुसरीकडे बघत हसलीस. "जाय तिकडं." त्या हसण्यावर मी पुढची किती वर्षं काढली म्हणून सांगू. रात्रपाळ्या केल्या, परक्या माणसांची मरणं बघितली, भाषा शिकले, कुवेतच्या उन्हात भाजले, आणि जिथे असेन तिथे खात्री असायची, की माझ्या पोचण्याची वाट कुणीतरी झाडू बाजूला ठेवून बघतं आहे. एवढी श्रीमंती मी घेऊन हिंडले, माय. आज आभार मानायला बसले आहे, तर हात जोडायला तू समोर नाहीस.

तू गेल्याची तार मला कुवेतला मिळाली. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घर झाडून पुसून घेतलेलं. मावशीनं झाडलं होतं. गेलेल्या माणसामागे झाडायचंच असतं, त्याला परत यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं, तरी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि ते स्वच्छ घर बघून मी तिथेच बसले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुही माय जित्ती होती तवरक सांगू नको म्हने. आता सांगतो. तुही गाडी गेली ना त्या दिवशी, ते फलाटावर खालीच बसली. म्या भांडली तिच्याशी. म्हटलं, पोट्टी समुद्रापार चालली आन तुह्यानं एक मायेचा शब्द बोलवला नाई? त म्हने, बोलली असती त उतरली असती ते."

यावर मी मावशीला म्हणाले, छे, मी कुठली उतरते. आजवर सगळ्यांना तेच सांगत आले. नोकरीतल्या मुलींना सांगितलं, परवा एका सत्काराला बोलावलं होतं तिथेही सांगितलं, की मी जिद्दीनं गेले, कुणी अडवलं असतं तरी गेले असते. टाळ्या पडल्या.

हे पत्र कुणी ओट्यावर बसून वाचणार नाही, म्हणून तुला सांगते. मी गाडीच्या दारात उभी होते ती त्यासाठीच. तू "नको जाऊ" एवढं म्हणायची वाट बघत होते. तू ओळखलं होतंस.

मी उतरले असते, माय.