कानामागचा गुंता

प्रिय आईस,
कल्याणीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. मालनमावशी आज हरसूलला येतायत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते.

नाशिकच्या पार्लरमध्ये आता बारीक वेण्या आणि ड्रेडलॉक्स माझ्याकडेच असतात. ड्रेडलॉक्स म्हणजे आपल्याकडची जटच गं, पण हौसेनं करून घेतलेली. कुरळ्या केसांत ती लगेच धरते. सरळ केस निसटतात. ते उलटे विंचरून, आकड्याच्या सुईनं गुंतवत बसावं लागतं. काल एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "नको झाल्या तर?" मी म्हटलं, "कापायच्या. केसच तर आहेत."

म्हटलं खरं, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुझी जट डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्या ओझ्यानं मान अजून दुखते का?

खरं सांगू? माझ्याही कानामागे गुंता झाला होता. तेल लावलं तरी सुटेना. जट कापली की घरावर संकट येतं, असं तू म्हणायचीस. गिऱ्हाइकांना शहाणपण सांगणारी मी, केस घट्ट बांधून तो लपवत होते.

आज सकाळी कापला. तू घाबरू नकोस, मीही घाबरलेली नाही. अण्णा बरे आहेत ना? रुद्र गाडी सावकाश चालवतो ना? मावशींना चहा दे आणि त्यांच्याच हाती दोन ओळी पाठव.

सकाळपासून तुमचा फोन लागत नाहीये. रेंज नसेल. दुसरं काय असणार?

तुझीच,
कल्याणी