भिंगरीचं घड्याळ

प्रिय ठमे,

सकाळचे नऊ वाजलेत आणि हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले. बत्तीस वर्षं लोकांच्या पोरांचे निबंध तपासले, आणि स्वतःच्या लेकीला पत्र लिहायचं तर पहिल्याच ओळीला हात अडतोय. काल तुझा फोन आल्यापासून मी धड जेवलेले नाही. भिंगरीचं घड्याळ हरवलंय, कुठे टाकलं विचारलं तर पोरगी सांगत नाही, नुसती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसते. दुसरं मागवायला आठवडा लागतो, आणि घड्याळाशिवाय दिवसभर बसमधून न्यायला तिच्या बाई तयार नाहीत, म्हणून शनिवारची वर्गाची सहल रद्द, असं तू म्हणालीस. वर आणखी एक शब्द वापरलास. खोटारडी. माझ्या नातीला! आणि मी इकडे फोन कानाला लावून मख्खासारखी गप्प बसले. कोपऱ्यावरचा कुरियरवाला पाचला दुकान बंद करतो. त्याच्या आत हे पत्र लिहून झालंच पाहिजे. हे शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत पोरीला एक अक्षर बोलू नकोस.

आधी एक गैरसमज काढते. तुला वाटतंय, आपलं भांडण झालं म्हणून मी फुरंगटून तीन दिवस आधीच निघाले. घरचा नळ गळतोय, प्लंबरला बोलावलंय, ही माझी थाप तुला पटली नव्हतीच, तुझा चेहराच सांगत होता. नळ ठणठणीत आहे. पण भांडणामुळेही मी निघाले नाही. तू जे बोललीस ते खरं होतं, आणि खरं मला चटकन सोसत नाही, हे तुझे बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले. निघायचं कारण वेगळंच आहे. सांगते. जरा दम धर, मलाही धरायचाय.

छापखान्यात कॅलेंडरांचा हंगाम, तुझी आठच्या आत सुटका नाही, जावईबापू जहाजावर. पंधरा दिवस ये म्हणालीस आणि मी मोठ्या ऐटीत आले. आठ वर्षांची पोरगी सांभाळायची म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तू बिचारीने मला सगळं नीट समजावलंस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हिला एडीएचडी आहे, हिचं डोकं एकाच वेळी दहा ठिकाणी धावतं, त्या गडबडीत पोटाकडून आलेला निरोप उशिरा पोचतो आणि तोवर चड्डी ओली झालेली असते. ही आळशी नाही, मुद्दाम करत नाही. दर दोन तासांनी मनगटावरचं घड्याळ थरथरेल, तेव्हा शू लागली असो नसो, जायचं. पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, घाई न करता बसायचं. पाणी दिवसभर प्यायचं. दप्तरात निळी पिशवी, तिच्यात कोरडे कपडे, छोटा टॉवेल आणि ओल्यासाठी प्लास्टिकची थैली. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय ही थेरं! जरा शिस्त लावली की सगळं ताळ्यावर येईल.

दहा वाजले. जरा उठून येते.

आले. तर शिस्त. दुसऱ्याच दिवशी मी फ्रिजवर तक्ता लावला. पट्टीने रेघा मारून, वार घालून, शेवटी शेऱ्याचा रकाना. कोरडा दिवस असेल तर दहापैकी दहा, ओला असेल तर लाल ठिपका. तू रात्री बघून म्हणालीस, आई, कोरडं राहण्याचे मार्क देऊ नकोस, ते तिच्या हातात नाही. घड्याळ थरथरल्यावर उठून गेली की शाबासकी दे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, मी जन्मभर हेच केलंय. पहिले तीन दिवस तीन ठिपके. चौथ्या दिवशी पोरीला दहापैकी दहा. पाचव्या दिवशी दहा. सहाव्या दिवशी दहा! मी शेजारणीला बोलावून तक्ता दाखवला. तुलाही खिजवलं, की तुमच्या डॉक्टरीणबाईंपेक्षा माझी लाल पेन्सिल भारी निघाली. तू नुसती पोरीकडे बघत राहिलीस.

तिची पाण्याची बाटली रोज शाळेतून भरलेलीच परत येत होती. ती मी रोज मोरीत ओतायचे, विसळून पालथी घालायचे, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. पोरीने सोपा मार्ग काढला होता. प्यायचंच नाही, म्हणजे भिजायचंच नाही. आठव्या दिवशी ती पोट धरून कळवळायला लागली. शू करताना जळजळ, अंगात ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कमी पडलंय, जंतुसंसर्ग झालाय, पोटही साफ नाही, त्याने तर हा त्रास दुपटीने वाढतो. घरी आलो, तर बुटांच्या कपाटामागे तुला दोन ओल्या चड्ड्या सापडल्या. म्हणजे ते दहापैकी दहाही सगळे खरे नव्हते. तू तक्ता ओढून फाडलास. म्हणालीस, आई, तू हिला बरं करत नव्हतीस, लपवायला शिकवत होतीस. आणि मग अगदी हळू म्हणालीस, मला शिकवलंस तसंच.

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि ताटं उचलली. आलं होतं गं ऐकू. तिसरीत तू माझ्याच वर्गात होतीस. वर्गात मी आई नाही, बाई, हा नियम माझा. घंटा झाल्याशिवाय कुणीही बाहेर जायचं नाही, हाही माझाच. तू बोट वर केलंस. मी पाहिलं. तुला सोडलं असतं तर चाळीस पोरं म्हणाली असती, बाई स्वतःच्या मुलीचे लाड करतात. म्हणून मी पाठ फिरवली आणि फळ्यावर भागाकार लिहीत राहिले. थोड्या वेळाने मागून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. घरी आल्यावर मी तुझे कपडे धुतले, तुला गरम दूध दिलं, आणि त्यावर ब्र काढला नाही. तूही काढला नाहीस. तू विसरलीस असं मी धरून चालले, कारण ते सोयीचं होतं. माझी चूक झाली होती, ठमे. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि लिहिल्यावर कळतंय की अर्ध्या ओळीचंच आहे.

बारा वाजले. उठलंच पाहिजे.

तू म्हणशील, म्हातारीला एका जागी बसवत नाही. नाहीच बसवत! भिंगरी कुणावर गेलीय असं तुम्ही डोकं खाजवत असता, तर घ्या उत्तर. परत येता येता चहा केला, तो प्यायचा राहिला, खिडकी पुसली, मग आठवलं की पत्र अर्धवट आहे. आता मुद्द्यावर येते, नाहीतर पाच वाजतील आणि मी काचाच पुसत बसेन.

ताप उतरल्यावर पोरगी काय सुधारली, ते तू घरी नसल्यामुळे तुला नीट दिसलं नाही. घटाघटा पाणी प्यायची. खेळ ऐन रंगात आला असताना घड्याळ थरथरलं की तोंड वाकडं करायची, टाच दाबून बसायची, चुळबुळ करायची, आणि मग अचानक ओरडायची, आजी, कुणी माझ्या पत्त्यांना हात लावायचा नाही, मी आले! चार दिवसांत एकदाच भिजली, तीही थेंबभर, आणि तेही तिने येऊन स्वतः सांगितलं. मी लाल पेन्सिल तुझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी टाकून दिली होती. मला वाटलं, आता माझं शिकून झालं. पण माझी परीक्षा पुढेच होती.

शेवटच्या दिवशी तिला शाळेतून घेऊन मी पेन्शनच्या कागदावर सही करायला त्या मोठ्या कचेरीत गेले. हातात एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी, खिडकीवर अडतीस. भिंगरीचं घड्याळ थरथरलं. म्हणाली, आजी, मी जाते, तूही चल. मी म्हटलं, नंबर जाईल, तू जाऊन ये. खरं तर मला तासभर लागली होती. पण रांग सोडायची नाही, तास सोडायचा नाही, हे अंगातच मुरलंय. आम्ही मास्तरणी दोन घंटांच्या मधे कधी उठलोय? सगळ्याच दाबून बसायचो, आणि त्याचा अभिमानही बाळगायचो. ती जाऊन आली, हात झटकत शेजारी बसली, आणि खिडकीतल्या कारकुनाच्या जांभईची अशी काही नक्कल केली की मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. आणि ठमे, मी भिजले. थेंबभर नाही. खुर्ची भिजली. तिथे चाळीसेक माणसं होती आणि खिडकीवर एक्केचाळीस लागला होता.

वर्षभर अधूनमधून होतंय. शिंकताना, जिना उतरताना. मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. मी गडद कपडे घालते, लांबचा प्रवास टाळते, आणि निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी पिते. हो, मीसुद्धा. आणि त्याच तोंडाने मी त्या पोरीला शेरे देत होते. त्या खुर्चीवरून मला उठताच येईना. भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. जी पोरगी दोन मिनिटं एका गोष्टीवर टिकत नाही, तिने एकही पायरी चुकवली नाही. आपला स्वेटर काढून माझ्या कमरेला बांधला. निळ्या पिशवीतला टॉवेल काढून खुर्ची पुसली, तो थैलीत घालून गाठ मारली. मग माझा हात धरला आणि शाळेत कुणाचा दात पडला ते मोठमोठ्याने सांगत, लोकांच्या मधून मला बाहेर घेऊन गेली. मी बाथरूममध्ये भिंतीला टेकून रडत होते. ती दाराबाहेरून म्हणाली, आजी, निरोप उशिरा पोचला, एवढंच झालंय. आणि मग दार जरासं ढकलून, अगदी काळजीने विचारलं, आता तुला लाल ठिपका नाही ना लागणार?

दोन कधीच वाजून गेले. मधे उठले होते, तोंड धुऊन आले. आता राहिलेलं लिहिते, म्हणजे सुटले.

तिथेच, त्या बेसिनपाशी, तिने आपल्या हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर शेवटच्या भोकात बसवलं. म्हणाली, मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, तुला ठेव. मी तिला शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. आणि सकाळी पहिल्या बसने पळून आले, ते घड्याळ बाहीखाली झाकून. तिने काहीही हरवलेलं नाही, ठमे. मला दिलेला शब्द पाळायला ती तुझी बोलणी खातेय, खोटारडी म्हणवून घेतेय, सहलीवर पाणी सोडतेय, आणि मी इकडे दर दोन तासांनी तिच्याच घड्याळावर उठतेय. काल फोनवर सांगायला तोंड उघडलं होतं, पण पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहायची माझी सवय जुनी. घड्याळ या पाकिटातूनच पाठवतेय, उद्या दुपारी पोचेल. तिच्या हातात तूच बांध, तिची माफी माग, माझ्या वाटणीचीही माग, आणि सांग की आजीने स्वतःच सगळं सांगितलंय, तिचा शब्द मोडलेला नाही. शनिवारी तिला बसमध्ये खिडकीपाशी बसव. मी माझ्यासाठी दुसरं मागवलंय, आणि सोमवारी डॉक्टरकडे नंबर लावलाय. चार वाजले. आत्ताच थरथरलं. जाऊन येते, आणि मग हातातून काढते.

तुझं बोट वर होतं, ते पाहूनही न पाहिलेली, पण तुझीच,
आई