मडगार्डातला मासा

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी गॅरेजचं शटर वर करतोय तोच फौजदाराची गाडी आली. स्वतःची, सरकारी नव्हे. वर ताडपत्री. डावं मडगार्ड चेपलेलं, हेडलाइट फुटलेला. आत दारूचा वास, अजून ओला! म्हणाला, "काल कुत्रं आडवं आलं." हेडलाइटच्या भोकात निळी लोकर अडकलेली. तो गेल्यावर पेंटर हळूच म्हणाला, "कुत्रं स्वेटर घालून हिंडतं काय रे?" मी हसलो. मिस्त्री हसला नाही. त्याने लोकर काढली, काडी लावली.
संध्याकाळपर्यंत मी मडगार्ड ठोकून सरळ केलं. छान बसलं.

३ फेब्रुवारी
मिस्त्रीने गाडीच्या कामाचं कार्ड लिहिलं — गाडी २५ जानेवारीपासून इथेच, इंजिन उघडलेलं. "मडगार्डला कुणी हात लावलेला नाही. कळलं ना, टिकल्या? सही कर." केली. माझी सही म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखी. तरी माझीच.

४ फेब्रुवारी
पेंटरने पेपर वाचून दाखवला. रविवारी संध्याकाळी पुलाजवळ एक नर्स सायकलवरून घरी चालली होती. पाय मोडला, डोक्याला मार, शुद्ध नाही. गाडीवाला पळाला. कुणीतरी नंबर अर्धा बघितलाय. पेंटरने पेपरची घडी केली नि त्यावरच ब्रश पुसले.

५ फेब्रुवारी
फौजदार गाडी घेऊन गेला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. अजून तिथे हात असल्यासारखं वाटतंय.

६ फेब्रुवारी
मेलो!
मासा!! मी मडगार्डात मासा काढलाय!
पहिल्या उस्तादाने लावलेली सवय. पत्रा ठोकून झाला की आतल्या अंगाला खिळ्याने आपली खूण करायची, खाली तारीख. "कुणी विचारलं तर आपलं काम आपल्याला ओळखू आलं पाहिजे," म्हणायचा. मी मासा काढतो. हात आपोआप जातो. रंग बाहेरूनच मारला, आतून नाही. आत २-२ लिहिलेलं असणार.
फौजदाराने बघितलं तर तो मला सोडायचा नाही. दुसऱ्या कुणी बघितलं तर खोट्या कार्डावर सही माझी. इकडे आड, तिकडे विहीर.
ताईला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता निघून ये." नि मग, "त्या नर्सबाईला घरी कोण आहे रे?" मला काय माहीत!

७ फेब्रुवारी
बूट वाजले की हातोडी खाली पडते.

९ फेब्रुवारी
वरून चौकशी आली. साध्या साडीतल्या मोठ्या अधिकारी बाई. मिस्त्री धडाधड बोलला — २५ तारीख, इंजिन, सगळं. मग माझ्याकडे वळल्या. "तू रे?"
"मला काय कळतंय बाई, मी अडाणी माणूस."
"सही तर केलीयस."
त्यांनी मला स्वतःचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. जाता जाता म्हणाल्या, "ती नर्स शुद्धीवर आली. सांगते, गाडी थांबली होती. माणूस उतरला, वाकून बघितलं, परत गाडीत जाऊन बसला."
वाकून बघितलं!

११ फेब्रुवारी
गाडी परत आली. उद्या तपासणीला न्यायची आहे म्हणून फौजदार घाबरलाय. घाम पुसत होता. त्यालाही घाम येतो!
मिस्त्री म्हणाला, "मडगार्ड बदल. जुनं ठोकून चपटं कर नि भंगारात टाक."
काढलं, उलटं केलं. मासा माझ्याकडे बघतोय. हातोडी उचलली. मारता येईना.
कोपऱ्यात एक दुसरं मडगार्ड पडलं होतं, भलत्याच गाडीचं. ते ठोकलं. इतक्या जोरात की पेंटर ओरडला, "अरे, मेलंय ते!"
खरं माझ्या गादीखाली आहे. वर झोपलोय. टोचतंय.

१२ फेब्रुवारी
पोत्यात बांधून बाईंच्या ऑफिसात नेलं. बाहेरच्या बाकावर फौजदार बसलेला, अंगावर वर्दी नाही. त्याने पोत्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.
आत बाई म्हणाल्या, "मडगार्डावरचा मासा तूच काढलास, हे कशावरून?" कागद-पेन पुढे केलं.
हातात खिळा नाही, पेन. तरी मासा तसाच आला.