लेकुरवाळ्यांची घळ

खालचा धक्का,
मार्टिनसंताच्या सणानंतरचा गुरुवार, १५५८

प्रिय आफ्राताई,

तुला आणि बाळाला नमस्कार. कास्परभावोजींनाही, त्यांनी घेतला तर.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर मुद्दाम टाळलं. शाई गोठली होती असं लिहिणार होतो, पण शाई भट्टीशेजारीच असते, म्हणून ते राहू दे.

मी ठीक आहे. मिठाची पिंपं चढवतो. इथली स्वयंपाकीण असे गोळे उकडते की तोफेत भरावेत. परवा एकजण अस्वल घेऊन धक्क्यावर आला होता. अस्वल माझ्यापेक्षा चांगलं पोसलेलं. त्याच्यामागे मी पुलापर्यंत गेलो आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. बघ, लिहायचं काय आणि लिहितोय काय.

तू विचारलंस, आपली यू झाडांची लपवलेली घळ लाकडाच्या दलालाला कोणी दाखवली. बाबा म्हणतात भावोजींनी, कारण ते त्याचे तराफे हाकतात. बारशालाही बाबा आले नाहीत, तुला उंबरा बंद केला. आणि तू मला लिहितेस, 'तू त्यांचा लाडका, तू तरी सांग.'

रविवारी मी वर जाऊन आलो. घरी नाही, नुसता घळीत. ताई, अकरा बुंधे. लालभडक, ओले, जनावर कापल्यासारखे. अकराच्या अकरा लेकुरवाळ्या, फळांसकट पाडलेल्या. बाबांनी जन्मात फळ धरणाऱ्या मादी यूला कुऱ्हाड लावली नाही. नर तोडायचा, तोही हिवाळ्यात, आणि आधी सालीवरून हात फिरवून रेघ सरळ उतरते का बघायचं. रेघ फिरली की खोड आतून पिळलेलं, त्यातून धनुष्याची कांब निघत नाही. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. योब्स्ट दलालाच्या माणसांनी हातसुद्धा फिरवला नाही. अकरातली सात पिळाची निघाली. ती त्यांनी तिथेच पेटवून हात शेकले. उरलेल्या चारांतून बाहेर पांढरं, आत लाल अशा सरळ कांबी मोजून वीसेक निघाल्या असतील. त्या जातील इंग्लंडच्या राणीकडे. तिच्या तिरंदाजांचे हात झडोत.

मला सगळ्यांचाच राग आलाय. योब्स्टचा तर आहेच. त्याच्याकडे दरबाराचं कागदपत्र आहे म्हणे, कुठलाही यू तोडायचं. कागद दाखवला की डोंगर त्याच्या बापाचा. पण बाबांचाही राग येतो. तीस वर्षं पाइनच्या फांद्या टाकून घळीची वाट बुजवली, एका झाडाचा विचार करायला एक हिवाळा घालवला, आणि जावयाचा निकाल उभ्या उभ्या लावला. तुझाही येतो. नवऱ्याला चोर म्हणाले तेव्हा तू काय केलंस? रडलीस. भांडी आपटायची होतीस, ताई. भावोजी त्या दिवसांत गावात नव्हतेच, खाली पासाऊला होते, हे ओरडून सांगायचं होतंस.

ते तिथे होते हे मला कसं माहीत, असं तू विचारशील.

मिखाएलसंताच्या जत्रेत मी योब्स्टच्या टेबलाशी बसलो होतो. माझी काठी तुला आठवते, बाबांनी दिलेली, घळीतल्याच नराची, गाठीमुळे कांबेतून बाद झालेली. ती लांब पडत होती म्हणून मी सकाळीच वीतभर कापली होती. कांबींच्या टोकांना आपण चरबी फासतो, त्यात वलयं झाकतात; हिला फासली नव्हती. काठीला कोण फासतं? योब्स्टनं गंमत म्हणून ती हातात घेतली, अंगठा थुंकीनं ओला केला, टोक चोळलं आणि नखानं वलयं मोजू लागला. बोटभर रुंदीत साठ. मग म्हणाला, या झाडानं ऊन पाहिलेलं नाही. उतार उत्तरेचा, वर बीचची दाट सावली. जुन्या गिरणीच्या वरच असेल कुठेतरी. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दीड महिना मी स्वतःला हेच सांगतोय. लाकूड बोललं, मी नाही.

पण पुढे तो हसून म्हणाला, "तिथे आता काय, पोरा, काठ्याच उरल्या असतील. शेळ्या हाकायला बऱ्या."

सगळं टेबल हसलं. आणि माझं डोकं फिरलं. आमच्या डोंगराला हा हसतो? मी म्हणालो, "अकरा लेकुरवाळ्या उभ्या आहेत. दोघांच्या मिठीत मावणार नाहीत अशा."

मग वाट सांडलेल्या बिअरमध्ये बोटानं काढून दाखवली. फांद्या कुठे बाजूला करायच्या, तेही. त्यानं मला आणखी एक पेला पाजला. मी प्यायलो. भावोजी कुठे आहेत असं मी विचारलं तेव्हा त्यानंच सांगितलं, पासाऊला.

हे आहे, ताई. पत्र उद्याच्या तराफ्यानं पाठवतो. भावोजींना वाचून दाखव. बाबांना तूच सांग, ते माझ्याच्यानं होणार नाही. मी इथून पुढे जाईन, बहुतेक इटलीकडे. तिकडे म्हणे

थांब. दारात कोणीतरी आलंय.

बाबा आलेत.

आई गेल्यापासून ते एकदाही नदीपर्यंत उतरले नव्हते. आत्ता भट्टीशी बसून पायाला गुंडाळलेल्या ओल्या चिंध्या सोडतायत. शनिवारी पंचांपुढे भावोजींवर फिर्याद घालणार आहेत आणि मला साक्षीला न्यायला आलेत. जत्रेत मी होतो, म्हणजे कास्परला योब्स्टबरोबर मी पाहिलंच असणार, असं त्यांनी वाटेत स्वतःशीच ठरवलंय.

कोणाला लिहितोयस, म्हणाले. मी म्हटलं, आफ्राला. त्यांनी चिंध्या पिळून भट्टीवर वाळत टाकल्या.

मग म्हणाले, "बाळाचं काही लिहिलंयस?"

"थोडं."

"वाच."

त्यांना अक्षर येत नाही, ताई. मी अस्वल आणि गोळे वाचून गप्प बसलो तरी त्यांना कळणार नाही. पण ते माझ्याकडे तोंड करून बसलेत. शाई वाळली की तारखेपासून सुरुवात करतो आणि मध्ये थांबत नाही. पत्र तराफ्यानं आलं नाही, तर समज की ते घेऊन आम्ही दोघं तुझ्याच दारात येतोय. मी एकटा आलो, तरी दार उघड.

तुझा आणि कास्परभावोजींचा गुन्हेगार,
लिनहार्ट