आप्पा, देवमासा दिसला!

प्रिय आप्पा,

काल देवमासा दिसला! अर्नाळ्याच्या बोटीवरून, भर समुद्रात. सगळे ओरडत होते आणि मी वेड्यासारखी तुम्हाला सांगायला शेजारी वळले. तिथे कोणी अनोळखी बाई. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कोणाला सांगू?

मंगेश गेल्यावर मी विरारच्या फ्लॅटचं दारही उघडत नव्हते. तुम्ही आगाशीहून आलात, वाडीतली केळी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "उद्या पहाटे बोटीवर जायचंय. देवमासा बघायला." मी चिडलेच. तुमचाच मुलगा जाऊन जेमतेम चार महिने, लोक काय म्हणतील?

"लोक बोटीवर नसतात," तुम्ही म्हणालात.

किनारा दिसेनासा झाला आणि मला उलट्या सुरू झाल्या. सुनेचं कपाळ धरणारा सासरा कोणी पाहिलाय का? तुम्ही धरलंत.

देवमासा काही आला नाही. माणसं कंटाळून वडे खायला लागली. तेवढ्यात तुम्ही माझ्या हातात दुर्बीण कोंबलीत. चिमणीहून जरासं मोठं, काळं पाखरू लाटांवर पाय आपटत निघालं होतं. उडतंय की चालतंय, कळेना!

"एवढासा जीव, आणि राहतो कुठे, तर इथे!" तुम्ही म्हणालात.

ते लाटेवर अडखळलं आणि मी हसले. मोठ्याने. लगेच तोंड दाबलं.

"हस गं. मंगेशला राग नाही यायचा," म्हणालात, आणि पाठ फिरवून तुम्हीच रडलात. तेराव्यालाही रडला नव्हतात तुम्ही.

मग दरवर्षी गणपती उठले की आपण जायचो. सुरय, कुरव... तुम्ही पाखरांची नावं सांगायचात आणि निम्मी चुकायचात! दुसऱ्या वर्षी मी पुन्हा नोकरीला लागले. तुमच्यामुळे, आप्पा. तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

छातीत दुखतंय हे मात्र शेवटपर्यंत लपवलंत. का? बोटीवर जाऊ देणार नाही म्हणून?

काल आईंना देवमाशाचं सांगितलं. पाण्याला घाबरणाऱ्या आपल्या आई! भाजी निवडता निवडता थांबल्या. "मला पण ने एकदा. बोटीवरून आले की हे पोटभर जेवायचे. काय असतं तिथे, मला बघू दे."

नेईन, आप्पा. याच महिन्यात, बोटवाल्याला सांगूनही ठेवलंय. आणि तुमच्यामागे त्यांना घरात कोंडून बसू देणार नाही, हे माझं वचन.

तुमची,
माधवी