खालच्या गल्लीत न दिलेली हाळी

आबा, तुमच्या पणतीनं तुमच्याबद्दल लिहिलंय आणि ते काही कौतुकाचं नाही. आधीच सांगून टाकते. गोल गोल बोलायला मला वेळ नाही, तुम्हालाही कधी नव्हता. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं, राग मात्र लगेच आठवतो. तर काय यायचा तेवढा राग येऊ द्या, आणि मग पुढचं ऐका.

माझ्या थोरल्याची पोरगी ती. जळगावला राहून एम.ए. करत होती. विषय काय, तर राजकारणातले तंटे कसे पेटतात आणि कसे मिटतात. मी म्हटलं, "बाई, याला कॉलेज कशाला लागतं? आपल्या सोनगीरला नळाला पाणी आलं की कोणत्याही गल्लीत जाऊन उभी राहा." तर हसून म्हणते, "आजी, तिथं भांडण दिसतं. ते का झालं ते नाही दिसत." मी सातवी शिकलेली, मला वाटलं पोरीनं पळवाट काढली. शेजारणी विचारायच्या, नात काय शिकते हो? मी म्हणायचे, तंटे. "म्हणजे वकील का?" नाही. "मग पोलीस?" नाही वो बाई. आता मात्र नीट सांगते, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते.

शेवटच्या वर्षाला तिला एक खरा तंटा घेऊन प्रबंध लिहायचा होता. जगातले सगळे तंटे सोडून पोरीनं आपलं गाव धरलं, माझं माहेर. म्हणाली, पिंपळनेरकडच्या तुमच्या गावात अजून निवडणूक आली की वरच्या गल्लीचं एक पॅनल आणि खालच्या गल्लीचं दुसरं, हे कुठून सुरू झालं ते मला बघायचंय. खरंच आहे ते. दोन गल्ल्यांचे गणपती वेगळे, पोळ्याचे बैल वेगळे, खालच्या गल्लीत माणूस गेलं तर वरच्या गल्लीतलं कोणी खांद्याला जात नाही. मी म्हटलं, तुला तिथं कोणी दारात उभं करणार नाही. तू माझी नात, म्हणजे वरच्या गल्लीची. त्यांनी तोंड उघडलं नाही तर तुझं वर्ष वाया. तर म्हणते, "म्हणूनच तू चल."

गेलो. त्या गल्लीत मी शेवटची गेले तेव्हा परकरात होते. तुमच्या विरोधात पॅनल उभं केलेल्या नानांचं घर. नाना कधीच गेले, त्यांची सून आहे, माझ्याच वयाची, सगळे तिला अक्का म्हणतात. दार उघडलं आणि मला बघून म्हणाली, "काब्र ऊनी वं तू?" कशाला आलीस. मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "अक्का, ही नाही, मी आलेय. तुमची बाजू कोणी लिहिलीच नाही, ती लिहायची आहे." अक्कानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लिखीसन काय करशी? तुन्हा पनजानी मूर्ती मांडशी?" पोरगी म्हणाली, "नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन. मला पटलं नाही तरी लिहीन." अक्का उंबऱ्यात उभीच. मग मला म्हणाली, "तू ओटावर बस." आणि पोरीला आत घेतलं. मला बाहेर बसवून माझी नात त्या घरात गेली, आबा! अपमान वाटायला हवा होता. मला तर हसू येत होतं.

दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. अक्का म्हणत होती, "पाट साफ कराना दिन आम्हले मालूमच नही. आम्हनी गल्लीमा हाळीच दिधी नही. आनि मंग म्हने, तुम्ही ऊनात नही, तुम्हनं पानी बंद. आम्हले काय सपन पडनं व्हतं?"

फडाचा नियम तुम्हाला मी काय सांगणार. पोरीला सांगितला होता. पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाखाली सगळ्या गावाचे फड, म्हणजे त्या एका पाण्यावर भिजणारे शेतांचे पट्टे. पावसाळा संपला की घरटी एक माणसानं पाटातला गाळ काढायला यायचं, जो येणार नाही त्याला पाणी नाही. आदल्या दिवशी जागल्या, म्हणजे पाटाची राखण करणारा, गल्लीगल्लीत ओरडून दिवस सांगायचा, ती हाळी. नियम चांगलाच होता, गावाच्या कितीतरी पिढ्या त्यावर जेवल्या. तुम्ही त्या फडाचे मोठे पंच. आणि अक्का सांगत होती त्या वर्षी निवडणुकीत तुमचं पॅनल पडलं होतं.

घरी येताना एस.टी.त पोरगी विचारते, "आजी, अक्का खोटं बोलत असेल का?" मी म्हटलं, बोलत असेल. रागातलं माणूस काय बोलेल. मग म्हणाली, "तुला काय आठवतं त्या दिवसाचं?" आणि मोबाइल पुढं धरला.

मी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन पाटाच्या कडेनं येतेय. माणसं गुडघाभर गाळात उभी. तुम्ही वर, धोतर खोचून, हातात फावडं. मी बघते तर सगळी आपल्याच गल्लीची. मी विचारते, "आबा, खालच्या गल्लीतलं कोणीच कसं नाही?" जागल्या चटकन वर बघतो. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. तुम्ही म्हणता, "भाकरी ठेव अन् घर जाय." बस. एवढंच. पण जागल्यानं तुमच्याकडे पाहिलं ते कसं पाहिलं, ते मला कळलं होतं. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मोबाइल बंद केला. "हे लिहू का? तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार." साक्रीचा स्टँड आला, गाडी बदलायची म्हणून मी पिशवी उचलली. मग म्हटलं, "बोलले ते बोलले. लिही. रडू नकोस आता, उतर."

लिहिलं तिनं. की हरलेल्या पंचानं हाळी अडवली, मग नियम दाखवून पाणी तोडलं, आणि एवढ्या वर्षांचा तंटा तिथून निघाला. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, चांगलं आहे, फक्त शेवटी एक ओळ घाल. पुढच्या हंगामाला आबा पाणी सोडणार होते, पण त्याआधीच गेले. ती म्हणाली, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मला माहितीये." "कशावरून?" मी चिडले. मी मुलगी त्यांची, मला विचारते कशावरून! पण ओळ काही तिनं घातली नाही. मी दोन वेळा जेवले नाही, तरी नाही.

तोंडी परीक्षेला मी जळगावला गेले, मागच्या बाकावर बसले. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हे तुमचेच पणजोबा. मग तुम्ही तटस्थ कशा?" पोरगी म्हणाली, "तटस्थ नाहीच सर. म्हणून तर दोन्ही गल्ल्यांतून ऐकल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, वाईटही नाही आणि चांगलीही नाही." सरांनी मान डोलावली. आबा, तुमच्यापुढं गावात कोणी इतकं ताठ बोललं नसेल. आपल्या घरात हे बोलणारी निघाली. पहिल्या वर्गात पास झाली. अक्काचा फोन आला होता, पोरीनंच नंबर दिलेला. "आम्हनी पोर पास व्हयनी का वं?" म्हणाली. मी म्हटलं, व्हयनी. मग आम्ही दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसलो.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही, गादीखाली जाईल. पोरीला वाचायला देणार नाही. तिच्यापुढं मी अजून हट्टानं म्हणते की ती ओळ खरी होती. तुम्हाला सांगते. पाणी सोडणार असं तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात. कोणीच म्हणालं नव्हतं. मला तसं हवं होतं, एवढंच.