ओट हलका, केक जड

थॉर्नसाइड, सोमवार

प्रिय डॉर्कस,

अकरा वर्षांत तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही, तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची शोधली असशील. कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, दातही सगळे शाबूत आहेत. दातांचं मुद्दाम सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

गेल्या मंगळवारी सायकलवरून लोमॅक्स नावाचा एक तरुण आला. विद्यापीठातून आलोय म्हणे, गावाची जुनी बोली लिहून घ्यायला. त्याला साठी उलटलेलं, इथंच जन्मलेलं माणूस हवं होतं, आणि दात असलेलं, म्हणजे उच्चार स्वच्छ येतात. शेजारच्या जेबेझनं माझं नाव सुचवलं, ‘हेस्टर ना? ती तर इथल्या दगडांइतकी इथली.’ माझा काही विश्वास बसेना. नुसतं बोलणं लिहायला कोण कशाला माणूस पाठवेल? मला वाटलं, हा रेशनवाल्यांचा, माळ्यावर लपवलेली डुकराची तंगडी हुंगत आलाय. मी त्याला जिन्याकडे पाठ करून बसवलं.

तव्यावर ओटच्या पिठाचं घालता ते काय, त्यानं विचारलं. ओटकेक, म्हटलं. त्यानं कान टवकारले. मग गाय, कुंपण, बादली करत हळूच परत आला, दोरीवर वाळत घालता ते काय? आणि थोड्या वेळानं, रश्शात बुडवून खाता ते काय? तिन्ही वेळा माझं उत्तर ओटकेकच, आणि तिन्ही वेळा वहीत तीच बारीक रेघ. आता मात्र मी तंगडी विसरले. जन्म इथलाच, असं मी त्याला ठोकून दिलं होतं. साठ वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलेय.

‘काय चाललंय रे तुझं?’ असं दरडावलं तेव्हा बिचारा लाजला. म्हणाला, ‘ओट आणि केक, शब्दाचे दोनच तुकडे. ते जोडले की सगळं गाव ओटवर जोर देतं आणि केक उरकून टाकतं. तुम्ही ओट सोडून देता आणि केक लांबवता. बोलताना असं येत नाही, विकणाऱ्याच्या आरोळीत येतं. तुमच्या घरात कोणी विकायचं का?’

डॉर्कस, ब्रॉडबेंटांनी मला सहाव्या वर्षी घरात घेतलं तेव्हा पहिली ताकीद हीच होती, टोपलीवालीचं नाव काढायचं नाही. मी इतकी शहाणी निघाले की सख्ख्या बहिणीला, तुलाही टाकलं. त्याची मला लाज वाटते. त्या पोरासमोर मी रडले आणि म्हटलं, हो, माझी आई विकायची, आणि जन्मही माझा इथला नाही. त्यानं नियमाप्रमाणे माझं नाव खोडलं. जेबेझनं एव्हाना गावभर केलं असेल. करू दे.

गुरुवारी तो आवाज टिपणारं यंत्र घेऊन परत येतोय, आईच्या आरोळीसाठी. पण मला तिचा फक्त शेवटचा शब्द येतो. त्याआधी बरंच काही होतं. टोपलीची दुसरी कडी धरून तू तिच्याबरोबर गल्ल्यांतून फिरायचीस, तुला सगळी येत असेल. लिहून पाठवू नकोस, कागदावर ती कळणार नाही. बुधवारच्या बसनं ये. मला माफ करायचं की नाही, ते आल्यावर ठरव.

तुझीच,
टोपलीवालीची धाकटी